सुट्टीपुरते बंडखोर: जुन्या ब्रिटिश कॉमेडी सिनेमांतला ब्रिटिशपणा

प्रश्न असा आहे की जुन्या ब्रिटिश विनोदी सिनेमांत, खास करून ईलिंग स्टुडिओच्या, 'ब्रिटिश नॅशनल कॅरेक्टर' दिसतं असं जिथे तिथे लिहिलेलं असतं, तर ते नेमकं कुठे दिसतं, की चहा, छत्री आणि उठसूट सॉरी एवढंच? मी बरीच वर्षं फिल्म सोसायटीत हे सिनेमे दाखवतेय, रसास्वादाच्या शिबिरांत त्यांच्यावर बोलतेय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, आधीच सांगून ठेवते.

चहा-छत्री विसरा. ते सेटवरचं सामान आहे, कुठल्याही टुरिस्ट दुकानात मिळतं. मला विचाराल तर या सिनेमांत एकच गोष्ट परत परत घडते: एरवी नियमाने वागणाऱ्या, रांगेत उभं राहणाऱ्या माणसांना अचानक नियम मोडायची सुट्टी मिळते, ते ती मनसोक्त भोगतात, आणि मग सुट्टी संपते. सुट्टी कुणाला मिळते, किती वेळ मिळते आणि परत कामावर कसं आणलं जातं, एवढं बघत गेलात की राष्ट्रीय ओळख वगैरे जे काय म्हणतात ते आपोआप दिसायला लागतं. आणि सुट्टी ज्यांना कधीच मिळत नाही ते लोक कोण, हेही दिसतं, ते शेवटी बोलू.

थोडी पार्श्वभूमी. ईलिंग हे लंडनच्या पश्चिमेचं उपनगर, तिथला हा छोटासा स्टुडिओ. १९३८ मध्ये मायकेल बाल्कन तिथे प्रमुख झाले. माणूस बर्मिंगहॅमचा, ज्यू स्थलांतरितांच्या घरातला, आणि देशप्रेम अगदी ठासून भरलेलं. १९५५ मध्ये स्टुडिओची जागा बीबीसीला विकली तेव्हा यांनी भिंतीवर पाटी लावून घेतली, की इथे पाव शतकभर ब्रिटन आणि ब्रिटिश स्वभाव जगापुढे मांडणारे सिनेमे बनले. म्हणजे समीक्षकांनी नंतर शोधून काढलेली ही थिअरी नाहीये, मालकाने स्वतःच लिहून ठेवलंय की आम्ही हेच करत होतो. स्टुडिओत 'टीम स्पिरिट'ची घोषणा रंगवलेली, समोर रेड लायन नावाचा पब, तिथे सगळे जमायचे आणि निम्म्या कथा तिथेच शिजायच्या. बाल्कन यांनी पुढे सांगितलंय की आम्ही सगळे मध्यमवर्गीय, चारचौघांसारखं शिकलेले, युद्धानंतर पहिल्यांदा लेबर पार्टीला मत दिलं, तीच आमची मवाळ क्रांती. 'मवाळ' हा शब्द धरून ठेवा, कारण सिनेमेही तसेच आहेत.

आणि काळ बघा. युद्ध १९४५ ला जिंकलं पण रेशन काही संपेना. पाव तर युद्धातही रेशनवर नव्हता, तो १९४६ मध्ये आला आणि दोन वर्षं राहिला. गोळ्या-चॉकलेटं १९५३ ला मोकळी झाली, मांसाहारासकट सगळं रेशन संपायला १९५४ चा जुलै उजाडला. शहरांत बॉम्बने पडलेली घरं तशीच, मधल्या मोकळ्या जागांत पोरं खेळतायत. खिशात ओळखपत्र, हातात कूपन, दारात सरकारी अधिकारी. जिंकलेल्या देशात राहतोय की हरलेल्या असा प्रश्न पडावा अशी परिस्थिती.

या सगळ्याच्या मधोमध १९४९ साली 'पासपोर्ट टू पिमलिको' येतो. दिग्दर्शक हेन्री कॉर्नेलियस, लेखक टी. ई. बी. क्लार्क. लंडनच्या पिमलिको भागात उकाडा आहे, एक न फुटलेला बॉम्ब पोरांच्या उचापतीने फुटतो, खड्ड्यात खजिना सापडतो आणि त्याबरोबर एक जुना दस्तऐवज, की हा भाग कायद्याने इंग्लंडचा नाहीच, बर्गंडीच्या, म्हणजे फ्रान्सकडच्या एका जुन्या संस्थानाच्या, सरदाराचा आहे. कल्पना हवेतून आलेली नाही बरं का. युद्धात नेदरलँड्सची राजकन्या कॅनडात आसऱ्याला होती, तिच्या बाळंतपणासाठी ओटावातल्या हॉस्पिटलची खोली तात्पुरती कॅनडाच्या हद्दीबाहेरची ठरवली होती, म्हणजे १९४३ मध्ये जन्मलेली मुलगी पक्की डच राहावी. क्लार्कने तोच धागा उचलला आणि लंडनच्या एका गल्लीला लावला.

आता बघा हे लोक काय करतात. परदेशी झालो म्हटल्यावर पहिली क्रांती कुठे होते, तर पबमध्ये. रात्री बंद करायची वेळ झाली म्हणून पोलीस येतो, आणि कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडतो की अरे, इंग्लंडचा कायदा आपल्याला लागूच नाही! मग पब चालू राहतो, रेशन कार्डं टराटरा फाडली जातात, पोलीसदादा पण गल्लीतलाच असल्यामुळे तोही बर्गंडियन, त्याच्याही हातात ग्लास. सगळ्यांचं स्वप्न काय, तर राजवाडा नाही, सत्ता नाही, अकरानंतर बिअर आणि कूपनशिवाय कापड. इतकी छोटी क्रांती मला दुसऱ्या कुठल्या सिनेमात आठवत नाही.

पण दुसऱ्या दिवशी काय होतं, तर नियम गेल्यावर काळाबाजारवाले घुसतात, रस्ताभर टोळधाड येते, आणि आपल्या बर्गंडियन मंडळींना लगेच स्वतःचे नियम करावे लागतात. कमिटी बसते, सीमा ठरते, भुयारी रेल्वे थांबवून प्रवाशांकडे पासपोर्ट मागितले जातात. सरकारपासून सुटका हवी होती आणि आठवडा उलटायच्या आत हे स्वतःच सरकार होऊन बसतात, तेही जास्त कडक. मग खरं सरकार पाणी-वीज तोडतं, काटेरी तार लावतं, आणि इथे सिनेमा गिअर बदलतो. पोरांना गाडीत बसवून दुसरीकडे पाठवतात, तारेपलीकडून लंडनकर खाऊ फेकतात, हेलिकॉप्टरमधून पाइपने दूध सोडतात, पॅराशूटने डुक्कर उतरतं. त्या वेळी रशियाने नाकेबंदी केलेल्या बर्लिनला विमानाने रसद जात होती, रोज पेपरात तेच, त्यामुळे प्रेक्षकाला सांगायची गरज नव्हती. पण माझ्या मते खरी आठवण बर्लिनची नाही, लंडनवर जर्मन बॉम्ब पडत होते त्या १९४० ची आहे. वेढा, एकजूट, सगळ्यांनी मिळून सोसणं. शांततेने त्यांना एकेकटं केलं होतं, म्हणून सिनेमाने कॉमेडीच्या नावाखाली युद्धाचे दिवस परत आणून दिले, फक्त माणसं मरत नाहीत एवढी सोय करून.

त्यातलं एक वाक्य कुठल्याही लेखात येतंच. दुकानदाराची बायको तावातावाने म्हणते की आम्ही इंग्लिशच होतो आणि इंग्लिशच राहणार, आणि इंग्लिश आहोत म्हणूनच बर्गंडियन असण्याचा हक्क सोडणार नाही. शिबिरात इथे हमखास हशा येतो. हे वाक्य विनोद म्हणून झक्कास आहे पण त्यात एक अख्खा युक्तिवाद आहे: बंड करणं हाच आमचा परंपरागत नियम, म्हणजे बंड केलं तरी आम्ही चौकटीतच.

शेवट नीट बघा, घाईत उठू नका. तडजोड होते, खजिना ब्रिटनला कर्जाऊ दिला जातो, उघड्यावर मेजवानी मांडलीय, लोकांना नवी रेशन कार्डं वाटली जातात आणि लोक ती आनंदाने घेतात! परत इंग्लंडचे झाल्याचा क्षण येतो आणि त्याच क्षणी उकाडा संपून धो धो पाऊस. सगळे खुर्च्या-टेबलं उचलून पळतायत. सूर्यप्रकाश फक्त परदेशी असेपर्यंत. सुट्टी संपल्याचं याहून नेमकं चित्रण मला माहीत नाही, आणि गंमत म्हणजे पिमलिको म्हणून जे दिसतं ते शूटिंग नदीपलीकडे लॅम्बेथमध्ये, खऱ्याखुऱ्या बॉम्बहल्ल्यात सपाट झालेल्या जागेवर केलेलं.

क्लार्कबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. नियम मोडायच्या इतक्या कथा लिहिणारा हा माणूस युद्धाच्या काळात राखीव पोलीस होता, आणि १९५० चा 'द ब्लू लॅम्प', म्हणजे लंडनच्या बीटवरच्या पोलिसाची आरतीच, ती पण यानेच लिहिली. 'द लॅव्हेंडर हिल मॉब' (१९५१) लिहिताना याने थेट बँक ऑफ इंग्लंडला विचारलं म्हणे की तुमचं सोनं चोरायचं तर कसं चोरता येईल, आणि बँकेने बाकायदा माणसं बसवून मदत केली. चोर, पोलीस, बँक, सगळे एकाच टेबलावर. त्या सिनेमात अ‍ॅलेक गिनेस या नटाने केलेला कारकून वर्षानुवर्षं सोन्याच्या गाडीबरोबर इमानदारीत जा-ये करतो आणि एक दिवस तीच गाडी लुटतो, सोनं वितळवून आयफेल टॉवरच्या खेळण्यांत ओततो. रिओमध्ये ऐटीत बसून तो ही कथा कुणालातरी सांगतोय, आणि शेवटी उठतो तेव्हा दिसतं की त्या माणसाच्या हाताला याचा हात बेडीने बांधलाय. वर्षभराची सुट्टी, मग बेडी. आता त्या काळच्या सेन्सॉरला गुन्हेगार सुटलेला चालायचा नाही हे आहेच, पण ईलिंगवाल्यांना ते बंधन जाचत होतं असं मला कधी वाटलं नाही.

'व्हिस्की गलोर' पण १९४९ चाच. स्कॉटलंडच्या किनाऱ्याबाहेरचं बेट, युद्धामुळे व्हिस्की संपलेली, म्हणजे गावावर सुतककळा, आणि अशात पन्नास हजार पेट्या घेऊन निघालेलं जहाज खडकावर आपटतं. मूळ घटना खरी आहे, १९४१ मध्ये एरिस्के बेटाजवळ 'पॉलिटिशियन' नावाचं जहाज असंच फुटलं होतं, त्यावर कॉम्प्टन मॅकेन्झीने कादंबरी लिहिली. सिनेमाचं शूटिंग बारा बेटावर झालं, गावकऱ्यांसकट. यातला माझा आवडता भाग चोरीचा नाहीच, चोरीच्या आधीचा आहे. लोक होड्या घेऊन निघणार एवढ्यात मध्यरात्रीचे ठोके पडतात आणि रविवार लागतो. रविवारी काम करायचं नाही, धर्म आहे. मग अख्खं गाव दिवसभर किनाऱ्याकडे बघत बसतं, जहाज बुडेल की राहील या चिंतेत, पण एक माणूस पाण्यात पाय घालत नाही. चोरी करायला हरकत नाही, रविवारी करायला हरकत आहे! आमच्याकडे गावाकडून आलेली मुलं या सीनला सगळ्यात जास्त हसतात, त्यांना कुणी समजावून सांगावं लागत नाही. (आणि हा सिनेमा आला त्याच १९४९ साली आपल्या मुंबई प्रांतात दारूबंदीचा कायदा झाला, हे आपलं सहज.)

इथे नियमाच्या बाजूचा माणूस म्हणजे कॅप्टन वॅगेट, होमगार्डचा, म्हणजे युद्धकाळातल्या स्थानिक स्वयंसेवक दलाचा, इंग्रज प्रमुख. प्रामाणिक, कर्तव्यदक्ष आणि म्हणूनच हास्यास्पद. दिग्दर्शक अलेक्झांडर मॅकेंड्रिक नंतर म्हणाला की सगळ्या सिनेमात खरा स्कॉटिश स्वभावाचा माणूस वॅगेटच, तोच एकटा कर्मठ, बाकीचे बेटवाले तर आयरिश वाटतात. मॅकेंड्रिक स्वतः जन्माने अमेरिकेतला, बोस्टनचा, वाढला ग्लासगोत स्कॉटिश कुटुंबात. त्यामुळे 'ब्रिटिश' म्हणजे इंग्लिश हे समीकरण त्याला मान्य नव्हतं आणि ते सिनेमात दिसतं. इंग्रज अधिकाऱ्याची कागदी शिस्त विरुद्ध बेटाची जुनी शिस्त, असा सामना आहे, आणि बेट जिंकतं. जिंकून काय, शेवटी निवेदक सांगतो की व्हिस्की संपली आणि सगळे दुःखात राहू लागले. परत तेच.

आता 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स'. हाही १९४९ चा, त्या वर्षी ईलिंगवर काय चढलं होतं कोण जाणे. पण हा बाकीच्यांच्या पंगतीत बसत नाही, आणि मला सगळ्यांत जास्त आवडतो तो हाच. रॉबर्ट हेमरने केला. इथे गल्ली नाही, गाव नाही, एकजूट तर औषधालाही नाही. सरदार घराण्यातल्या मुलीने इटालियन गायकाशी लग्न केलं म्हणून घरच्यांनी तिला टाकलं, तिचा मुलगा लुई मॅझिनी कापडाच्या दुकानात नोकरी करतो आणि आईला खानदानी कबरीत जागाही नाकारल्यावर ठरवतो की आपल्या आणि ड्यूकपदाच्या मध्ये जे जे आहेत त्यांना एकेक करून संपवायचं. आणि ते सगळे, पाद्री, बँकर, सेनापती, अ‍ॅडमिरल, स्त्रीमताधिकारवाल्या बाई, ड्यूक, एकट्या अ‍ॅलेक गिनेसने केलेत, आठ भूमिका.

चर्चमधला शॉट बघा, त्यात सहा गिनेस एकाच फ्रेममध्ये बसलेत. कॅमेरामन डग्लस स्लोकम. कॅमेरा जागेवर पक्का ठोकला, लेन्सपुढे फ्रेमचा तेवढाच भाग उघडा ठेवून एक गिनेस घ्यायचा, फिल्म मागे गुंडाळायची, मेकअप बदलून दुसरा घ्यायचा. कॅमेरा केसभर हलला असता तर सगळी मेहनत वाया. आजच्या मुलांना यात फारसं नवल वाटत नाही, पण मी ट्रिकसाठी दाखवतच नाही. आठही तोंडं एकाच नटाची म्हणजे वरच्या वर्गातले लोक प्रेक्षकाला वेगवेगळे दिसूच नयेत अशी व्यवस्था आहे. एक मेला की दुसरा, तोच चेहरा, वेगळी मिशी.

आणि लुई? तो खुनामागून खून करतो आणि त्याच्या बोलण्यातला सभ्यपणा एक इंचही ढळत नाही. उलट खून वाढतात तशी त्याची भाषा आणि कपडे सुधारत जातात. राष्ट्रीय ओळखीबद्दल सगळ्यात झोंबणारं विधान मला इथे दिसतं: शिष्टाचार हे इथे शस्त्र आहे, ज्याला बरोबर सूर लावता येतो त्याला काहीही माफ. सुरुवातीचा फाशी देणारा माणूस आठवा. तुरुंगात येतो तेव्हा त्याला काळजी कसली, तर ड्यूकला हाक कशी मारायची असते याची! आयुष्यभर साध्या माणसांना लटकवलं, आता सरदाराला लटकवायचं भाग्य, यानंतर मी निवृत्त होणार, म्हणतो. माणूस मारायचा आहे यात त्याला काही वावगं वाटत नाही, संबोधन चुकलं तर मात्र बिचाऱ्याची अब्रू जाईल. दोन मिनिटांचा सीन आहे, पण ब्रिटिश वर्गव्यवस्थेवर मोठमोठे ग्रंथ वाचून जे कळायचं नाही ते इथे कळतं.

अजून एक गोष्ट, लुईवरचा खटला सरदारांच्या सभागृहात चालतो, कारण सरदाराचा न्याय सरदारांनीच करायचा. हा विशेषाधिकार खराखुरा होता आणि तो रद्द झाला १९४८ मध्ये, म्हणजे सिनेमा यायच्या जेमतेम वर्षभर आधी. म्हणजे काळ जरी राजा सातव्या एडवर्डच्या, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या जमान्यातला, तरी प्रेक्षक जे बघतोय ते कालपरवापर्यंत चालू होतं. शेवट सांगत नाही, पण ब्रिटनमध्ये जो शेवट अर्धवट टांगून ठेवलाय तो अमेरिकेत चालला नाही, तिथल्या सेन्सॉरसाठी काही सेकंद जोडून गुन्हेगार पकडला जाणार हे स्पष्ट करावं लागलं.

'द मॅन इन द व्हाइट सूट' (१९५१) थोडक्यात. गिनेस एक संशोधक, कधी न फाटणारा, कधी न मळणारा धागा शोधतो. खूश कोण व्हायला पाहिजे, सगळेच. पण गिरणीमालक म्हणतात धंदा बसेल, कामगार युनियन म्हणते नोकऱ्या जातील, आणि एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे दोघे मिळून याच्या मागे धावतात. घरमालकीण म्हातारी कपडे धुऊन चार पैसे कमावते, ती विचारते की तुम्ही शास्त्रज्ञ गोष्टी जशा आहेत तशा का राहू देत नाही, धुवायला काही उरलंच नाही तर माझ्या धुण्याचं काय? आणि त्याच्याकडे उत्तर नाहीये. पिमलिकोतली एकजूट इथे उलटी होऊन येते, समाज एकत्र येतो तो नवीन काही होऊ नये म्हणून. मॅकेंड्रिकचा हा सिनेमा कॉमेडी म्हणून विकला गेला, मला तो भयपट वाटतो.

मग १९५५, 'द लेडीकिलर्स', परत मॅकेंड्रिक. लेखक विल्यम रोज अमेरिकन, म्हणायचा की आख्खी गोष्ट स्वप्नात दिसली. किंग्ज क्रॉस स्टेशनच्या मागे गल्लीच्या टोकाला एक वाकडं घर, बॉम्बहल्ल्याने पाया खचलेला, भिंतीवर तसबीर सरळ टांगली तरी तिरकी दिसते. त्यात मिसेस विल्बरफोर्स, केटी जॉन्सनने केलेली नाजूक विधवा म्हातारी. तिच्याकडे दरोडेखोरांचा म्होरक्या भाड्याने राहतो आणि त्याचे चार साथीदार तिथे जमतात, आम्ही वादक आहोत असं सांगून. ग्रामोफोनवर बोकेरिनीचं जुनं शास्त्रीय संगीत लावून आत दरोड्याचा बेत, बाहेर म्हातारी दर पाच मिनिटांनी दार वाजवून विचारते, चहा आणू का? तिने सांगितलेली एक आठवण आहे, तिच्या एकविसाव्या वाढदिवसाची पार्टी रंगात आली होती आणि बातमी आली की राणी व्हिक्टोरिया गेली, पार्टी मोडली. म्हणजे १९०१ ला हिची उमलायची वेळ झाली आणि तिथेच घड्याळ थांबलं. पडकं घर, थांबलेलं घड्याळ, गेलेल्या साम्राज्याच्या आठवणी, पोपटाचं नाव साम्राज्याच्या एका सेनापतीवरून, जनरल गॉर्डन. तिला कुणी मारू शकत नाही. मारायला निघालेले पाचही जण एकमेकांच्याच हाताने नाहीतर नशिबाने मरतात आणि खालून जाणाऱ्या मालगाडीच्या वाघिणीत जाऊन पडतात. लूट म्हातारीकडेच उरते, ती पोलिसांना सांगायला जाते, पोलीस म्हणतात ठेवा आजी तुम्हालाच, कारण तिचं खरं कुणी मानतच नाही. मॅकेंड्रिकला यात उतरणीला लागलेला ब्रिटन दिसत होता. बाहेरून आलेल्या दोघांनी मिळून ही आजी रंगवली आणि तिच्यावर प्रेमही केलं, पण तिच्या घराचा पाया खचलाय हे काही लपवलं नाही. यानंतर मॅकेंड्रिक हॉलिवूडला निघून गेला.

'ब्रिटिश' ओळख घडवणारे कोण होते हे यावरून लक्षात आलं असेल. कॉर्नेलियस दक्षिण आफ्रिकेतून आलेला, मॅकेंड्रिक बोस्टनचा, रोज अमेरिकन, बाल्कन स्थलांतरितांचा मुलगा. पण पडद्यावर मात्र बाहेरचं कुणी नाही. जून १९४८ मध्ये 'एम्पायर विंडरश' जहाजातून कॅरिबियन बेटांवरची माणसं लंडनजवळ उतरली, त्याच उन्हाळ्यात 'व्हिस्की गलोर'चं शूटिंग चालू होतं. ईलिंगला हे माहीत नव्हतं असं नाही, १९५१ च्या 'पूल ऑफ लंडन'मध्ये अर्ल कॅमेरॉन हा बर्म्युडाचा काळा नट मुख्य भूमिकेत आहे. पण तो गंभीर गुन्हेपट. कॉमेडीच्या गल्लीत त्याला घर नाही. परकं व्हायची सुट्टी फक्त ज्यांचं आपलेपण पक्कं आहे त्यांनाच, गल्ली बर्गंडियन होऊ शकते कारण ती इंग्लिश आहे याबद्दल कुणाला शंकाच नाही.

ईलिंगनंतर मवाळपणा संपतो. बोल्टिंग बंधूंचा 'आय अ‍ॅम ऑल राइट जॅक' (१९५९) बघा. पीटर सेलर्सने केलेला युनियनवाला फ्रेड काइट, तोकडे केस, आखूड मिशी, तोंडात जड जड शब्द आणि डोळ्यांत रशियाचं स्वप्न, सगळीकडे गव्हाची शेतं आणि संध्याकाळी बॅले! समोर मालक लोक, जे स्वतःच संप घडवून आणतात कारण त्यात त्यांचा फायदा आहे. इथे कुणीच चांगलं नाही, गल्ली फुटलीय, प्रत्येकजण आपापलं बघतोय, नावच तसं आहे, 'माझं बरं चाललंय, बाकीच्यांचं ते बघतील' अशा अर्थाचं. कपटी मामा झालाय डेनिस प्राइस, आपला 'काइंड हार्ट्स'चा लुई, आणि त्याचा साथीदार रिचर्ड अ‍ॅटनबरो, ज्याने पुढे 'गांधी' केला.

'कॅरी ऑन' मालिका १९५८ ला सुरू झाली, वीस वर्षांत तीस सिनेमे, कमी पैसा, तीच टोळी, तेच द्वयर्थी विनोद. समुद्रकिनाऱ्यावर विकली जाणारी चावट पोस्टकार्डं असतात ना, ती हलायला-बोलायला लागली असं समजा. समीक्षकांनी नाकं मुरडली, पब्लिकने १९५९ ला 'कॅरी ऑन नर्स' डोक्यावर घेतला. सरकारी हॉस्पिटल, लष्करी भरती, हॉलिडे कॅम्प, म्हणजे जिथे सामान्य माणूस रांगेत उभा राहतो त्या जागा. ईलिंगमध्ये नियम मोडताना एक तत्त्व असायचं, इथे फक्त शरीर असतं, भूक, पोट, कपडे सुटणं. मला सगळे आवडत नाहीत, निम्मे तर झोप आणतात.

पण 'कॅरी ऑन अप द खैबर' (१९६८) भारतीय प्रेक्षकाने बघायलाच पाहिजे. १८९५ ची भारताची वायव्य सरहद्द, शूटिंग वेल्सच्या डोंगरात, आणि 'नेटिव्ह' सगळे तोंडाला रंग फासलेले इंग्रज. शेवटी रेसिडेन्सीवर तोफा धडाडतायत, छताचा गिलावा सूपमध्ये पडतोय, बँडवाले पडतायत, आणि साहेब-मेमसाहेब शांतपणे जेवतायत, वाढा अजून थोडं. एकटा पाद्री घाबरून टेबलाखाली. शेवटच्या शॉटमध्ये युनियन जॅकवर 'आय अ‍ॅम बॅकिंग ब्रिटन' (मी ब्रिटनच्या पाठीशी) लिहिलंय, आणि पाद्री म्हणतो हे सगळे ठार वेडे आहेत. ती घोषणा खरी होती. नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंडाचं अवमूल्यन झालं, त्यानंतर सर्बिटनच्या पाच टायपिस्ट मुलींनी देशासाठी रोज अर्धा तास फुकट काम करायचं ठरवलं आणि त्याची मोहीम झाली. जानेवारी १९६८ मध्ये सरकारने सुएझच्या पूर्वेकडून सैन्य मागे घेणार हेही जाहीर केलं. साम्राज्य गेलं, पैसा गेला, उरलं काय तर गिलावा पडत असताना न हलणारी भिवई, आणि तीवरच हे लोक पोट धरून हसतायत. स्वतःवर इतकं हसतात, पण आपल्याला मात्र तोंडाला रंग लावून दाखवतात, दोन्ही एकाच सिनेमात, एकाच सीनमध्ये. सेलर्सने १९६० च्या 'द मिलियनेरेस'मध्ये भारतीय डॉक्टर केला, आणि आठ सरदार करणाऱ्या गिनेसने १९८४ च्या 'अ पॅसेज टू इंडिया'त प्रोफेसर गोडबोले! आपला दख्खनी ब्राह्मण गोडबोले. एडवर्डच्या काळातल्या बाईपासून गोडबोल्यांपर्यंत कुठल्याही कातडीत शिरायचा परवाना त्यांनी स्वतःच स्वतःला दिला होता, आणि उलट दिशेने तो परवाना कुणालाच नव्हता. मला गिनेस प्रचंड आवडतो, तरी गोडबोले बघवत नाही.

कुठून सुरू करायचं म्हणाल तर आधी 'पिमलिको', मग लगेच 'काइंड हार्ट्स', दोन्ही एकाच वर्षातले आणि एकमेकांच्या अगदी विरुद्ध, लागोपाठ बघितले तर मजा येते. मग 'लेडीकिलर्स', मूळचा, २००४ चा अमेरिकन रिमेक नको. त्यानंतर 'जॅक' आणि 'खैबर' पाठोपाठ. 'व्हाइट सूट' एकट्याने बघा, घोळक्यात त्याची मजा जाते. सेंट ट्रिनियन्स या वाह्यात मुलींच्या शाळेचे सिनेमे अ‍ॅलिस्टर सिम या नटासाठी, त्याने १९५४ च्या पहिल्यात मुख्याध्यापिका आणि तिचा भाऊ दोन्ही केलेत. सबटायटल लावूनच बघा, उच्चार जुने आहेत आणि निम्मे विनोद पुटपुटत केलेले असतात. आणि 'द टिटफिल्ड थंडरबोल्ट', गावची रेल्वे वाचवायला निघालेल्यांचा, ईलिंगची पहिली रंगीत कॉमेडी, वेळ उरला तर. त्यातला श्रीमंत म्हातारा रेल्वेला पैसे देतो ते सकाळपासून गाडीत दारू पिता येईल म्हणून, एवढं एक सोडलं तर बाकी फक्त इंजिनप्रेमींसाठी आहे.